क्लासमधली वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका इंटरनॅशनल शाळेने अकरावी-बारावीच्या फिजिक्ससाठी नौपाड्यात वर्षानुवर्षं क्लास चालवणाऱ्या एका सरांना नेमलं आणि पालकांत दोन तट पडले. एक तट म्हणतो, लाखांत फी मोजायची ती काय क्लासवाल्याकडून शिकवून घ्यायला? तसंच करायचं असतं तर मुलाला गोखले रोडवरच्या एखाद्या बॅचला घातलं नसतं का, निम्म्याहून कमी पैशांत? दुसरा तट खुशीत आहे: चला, आता संध्याकाळचा वेगळा क्लास आणि माजिवड्याच्या ट्रॅफिकमधली धावपळ वाचली, आधी सरांचा रिझल्ट बघा, मग बोला. वाद तावातावाने चालू आहे, पण दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे. क्लासचा माणूस म्हणजे मार्क काढून देणारं यंत्र, यावर दोघांचं एकमत आहे. एकाला ते यंत्र शाळेत नको, दुसऱ्याला हवं, इतकाच काय तो फरक. इतकी वर्षं रोज मुलांसमोर उभं राहून तो माणूस स्वतः काय शिकला असेल, हा प्रश्न मात्र कुणाच्याच तोंडी नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. क्लासमध्ये शिकवलेली वर्षं ही शिकवलेलीच वर्षं आहेत. अर्जात ती अनुभवाच्या रकान्यात धरली गेली पाहिजेत आणि शाळेतल्या वर्षांइतकीच कसून तपासली गेली पाहिजेत. भरतीच्या जाहिरातीत तळाला ‘कोचिंगचा अनुभव ग्राह्य धरला जाणार नाही’ अशी जी ओळ असते, ती आळसातून आलेली आहे; आणि फ्लेक्सवरचे टॉपरचे फोटो बघून ऑफर लेटर काढणं हा त्याच आळसाचा दुसरा प्रकार. हे सगळं बोलते आहे ते आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) आणि केंब्रिज या परदेशी मंडळांच्या शाळांबद्दल, तेही आठवीच्या पुढच्या वर्गांबद्दल. (नावात ‘इंटरनॅशनल’ आणि आत सीबीएसई अशा शाळा ठाण्यापासून खारघरपर्यंत पैशाला पासरी आहेत, त्यांची गोष्ट वेगळी.) पहिली ते आठवीसाठी एनसीटीईने, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, २०१० सालीच अर्हता ठरवून दिल्या आहेत, टीईटी ही पात्रता परीक्षा आहे. तिथे वादाला जागा नाही आणि नसावी.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. क्लासला येणारं मूल बहुतेकदा शिकायला म्हणून आलेलं असतं. निदान आईबापांनी पैसे भरून त्याला त्या कामासाठी धाडलेलं असतं. शाळेच्या वर्गात तसं नसतं. तिथे डिस्लेक्सिया असलेली मुलगी असते, महिन्याभरापूर्वी ज्याचे आईवडील वेगळे झाले असा मुलगा असतो, अजून इंग्रजी जिभेवर न बसलेला एखादा परदेशी पोरगा असतो, आणि फिजिक्सशी काही देणंघेणं नसलेली चारदोन तर असतातच. त्या सगळ्यांना बरोबर घेऊन वर्ष काढायचं, हे शाळेतल्या शिक्षकाचं काम. क्लासमध्ये जो मागे पडतो तो हळूहळू यायचा बंद होतो आणि त्याची नोंद कुठे राहत नाही. दुसरा मुद्दा त्याहून टोकदार आहे. आयबी डिप्लोमाचा, म्हणजे त्यांच्या अकरावी-बारावीचा, सगळा डोलारा मुलाने स्वतः प्रश्न काढावा यावर उभा आहे: ४००० शब्दांपर्यंतचा एक्स्टेंडेड एसे, थिअरी ऑफ नॉलेज, विषयाविषयातलं अंतर्गत मूल्यमापन म्हणजे आयए. ‘हे असंच लिहायचं, तीन मार्क’ असं वर्षानुवर्षं सांगत आलेल्या माणसाच्या हाती हे सोपवलं, तर आयएचा विषय तोच सुचवेल, ग्राफही तोच काढून देईल आणि मुलाकडे फक्त टायपिंग उरेल. ही नुसती भीती नाही, असं होताना मी पाहिलं आहे. तिसरा आक्षेप कागदाचा. क्लासमध्ये नेमणूकपत्र नसतं, पैसे पर लेक्चर आणि बरेचदा रोखीत, पीएफचा पत्ता नाही; मग सांगितलेली दहा वर्षं खरी कशावरून? केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शिकवणारा किमान पदवीधर असावा आणि १६ वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये, असं त्यांत आहे. शिकवणारा पदवीधर असावा हेही जिथे लिहून द्यावं लागतं, त्या बाजारात काय काय चालत असेल ते वेगळं सांगायला नको.

एवढं सगळं मान्य करूनही, क्लासची वर्षं शून्य धरावीत असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. परीक्षेची तयारी करून घेणं हे हलकं काम आपल्याकडे होतच नाही, असा आव या शाळा आणतात. आयबीच्या फिजिक्स-केमिस्ट्रीत आयएला २० टक्के आणि लेखी पेपरांना ८० टक्के वजन आहे. केंब्रिजच्या आयजीसीएसई, म्हणजे दहावीच्या पातळीच्या, फिजिक्समध्ये तर प्रयोगाच्या परीक्षेऐवजी ‘अल्टरनेटिव्ह टू प्रॅक्टिकल’ नावाचा लेखी पेपर देता येतो, म्हणजे स्टॉपवॉचला हात न लावता स्टॉपवॉचचं वाचन लिहायचं. हा पेपर निवडायचा आणि माहितीपुस्तिकेत ‘आमच्याकडे अनुभवातून शिक्षण’ असं छापायचं. मग क्लासवाल्याला हसायचं कुठल्या तोंडाने? प्रश्नात ‘स्टेट’ म्हटलं की नेमकं तेवढंच सांगायचं, ‘एक्सप्लेन’ म्हटलं की कारण द्यायचं, ‘सजेस्ट’ म्हटलं की पुस्तकाबाहेर डोकं चालवायचं, हे परीक्षेच्या तोंडावर याच शाळांतले शिक्षक मुलांकडून घोटवून घेतात. घ्यावंच लागतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्यातलीच कितीतरी मुलं संध्याकाळी हिरानंदानी इस्टेटमध्ये किंवा पाम बीच रोडवरच्या एखाद्या सोसायटीत खाजगी शिकवणीला बसलेली असतात. मुलाचा अर्धा अभ्यास ज्याच्या हातून होतो त्याला शाळेच्या दारातून आत घ्यायचं नाही, आणि निकाल लागला की बोर्डावर नाव मात्र शाळेचं?

तरी खरा मुद्दा परीक्षेचा नाहीच. मुलं कुठे आणि का चुकतात हे ठाऊक असण्याचा आहे. विषयतज्ज्ञ म्हणून मी मुलाखतींना बसते. घणसोलीच्या बाजूच्या एका शाळेत डेमोला आलेल्या क्लासच्या एका सरांनी नववीच्या वर्गात विद्युत परिपथ घेतला. फळ्यावर सेल, बल्ब आणि बल्बच्या दोन्ही बाजूंना एकेक अँमीटर. पहिल्या अँमीटरवर त्यांनी ०.४ लिहिलं. दुसऱ्यावर काय येईल ते ज्याने त्याने वहीत लिहा, शेजाऱ्याला दाखवू नका, एवढं सांगून ते गप्प उभे राहिले. निम्म्याहून जास्त मुलांनी ०.४ पेक्षा कमी आकडा लिहिला, कारण बल्ब पेटला म्हणजे थोडा करंट ‘खर्च’ झालाच असणार! सरांनी कुणालाच चूक म्हटलं नाही. ज्याने ०.३ लिहिलं होतं त्याला विचारलं, ‘मग उरलेला ०.१ गेला कुठे?’ तो म्हणाला, ‘उजेडात.’ ‘म्हणजे याच्यापुढे तसलाच आणखी एक बल्ब लावला तर तो मंद लागेल?’ वर्ग एका सुरात हो म्हणाला. सरांनी पिशवीतून एकसारखे दोन बल्ब काढले. शाळेच्या लॅबच्या भरवशावर ते आलेच नव्हते. दोन्ही बल्ब सारखेच लागले. मग जो गलका झाला तो कुठल्याही ‘इन्क्वायरी’च्या कार्यशाळेत शोभला असता. एक मुलगी म्हणाली, सेल उलटा करून बघू या, आणि सर नुसते बाजूला झाले. नंतर पॅनेलमधल्या एकाने विचारलं, हे सुचलं कसं? सर म्हणाले, ‘सुचायचं काय त्यात? दरवर्षी नव्या बॅचमधली निम्मी पोरं हेच लिहितात. बॅच बदलते, चूक बदलत नाही.’

ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८६ साली मांडलं होतं की विषय येणं वेगळं, शिकवण्याच्या पद्धती येणं वेगळं, आणि हा विषय या वयाच्या मुलांना नेमका कुठे अडतो नि तिथून त्यांना बाहेर कसं काढायचं हे येणं तिसरंच. या तिसऱ्या ज्ञानाची बी.एड.मध्ये ओळख होते, पण ते साठतं मुलांच्या वह्या तपासताना. एकच धडा वर्षात पाचसहा बॅचना शिकवणाऱ्या माणसाच्या नजरेखालून अशा किती वह्या जातात! त्याने त्या डोळे उघडे ठेवून बघितल्या असतील तर त्याच्याकडे जे आहे ते कुठल्याही प्रमाणपत्रात मिळत नाही.

बघितल्या असतील तर. कारण त्याच सुमाराला दुसऱ्या एका उमेदवाराला केमिस्ट्रीच्या डेमोत एका मुलीने विचारलं होतं, समतोल आला म्हणजे अभिक्रिया थांबते का? ‘प्रश्न चांगला आहे, पण पेपरात येत नाही,’ असं म्हणून ते पुढच्या स्लाइडवर गेले. त्यांचीही वर्षं तेवढीच होती, रिझल्ट तर जास्तच चमकदार. वर्षांची बेरीज करून या दोघांतला फरक कसा कळणार? आणि हो, शाळेत वीस वर्षं काढून मुलांना हेच उत्तर देणारे शिक्षकही असतात. त्यांचा अनुभव मात्र कुणी काही न विचारता ग्राह्य धरतं.

परीक्षेची तयारी करून घेणाऱ्यांना नाक मुरडायची सवय जुनी आहे. १८५५ पासून हिंदुस्थानातल्या मुलकी नोकरीसाठी लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली आणि लगोलग तिथे तयारी करून घेणाऱ्यांची दुकानं निघाली. वॉल्टर रेन यांचा क्लास त्यांत नावाजलेला. या मंडळींना ‘क्रॅमर’ म्हणून हिणवलं गेलं. घोकून आलेली माणसं राज्य काय चालवणार, अशी ओरड झाली. पुढे तेव्हाचा भारतमंत्री लॉर्ड सॅलिस्बरीने परीक्षेची कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली. त्या वयात समुद्र ओलांडून लंडनला जायचं आणि परक्या भाषेत परीक्षा द्यायची, म्हणजे हिंदी मुलांना दार जवळपास बंदच. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी १८७७ मध्ये देशभर दौरा काढून त्याविरुद्ध लोकमत उभं केलं ते त्यामुळेच. घोकंपट्टी वाईट, यात शंका नाही. पण ‘हे घोकून आलेले’ हा शेरा कुणाला बाहेर ठेवण्याच्या कामी येतो, तेही बघायला नको का? आणि आपल्याकडे काय होतं? न्यू इंग्लिश स्कूल उभारणाऱ्यांपैकी एक असलेल्या टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, त्या सुमाराला चरितार्थासाठी त्यांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षेचा क्लास चालवला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे टिळक तेवढे शिक्षक आणि लॉ क्लासमधले टिळक क्लासवाले, अशी विभागणी कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

या वादात ज्यांचं नावही निघत नाही, त्या म्हणजे घरी क्लास घेणाऱ्या बायका. ठाण्याच्या ब्राह्मण सोसायटीपासून नेरुळ-खारघरच्या सेक्टरांपर्यंत अशी एखादी बाई दर दोनचार इमारतींमागे सापडेल. एम.एस्सी. झालेली, कधी बी.एड.ही, लग्नाआधी चारपाच वर्षं शाळेत शिकवलेलं. मग बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, नवऱ्याची बदली, आणि नोकरी सुटते ती सुटतेच. हॉलमध्ये डायनिंग टेबल भिंतीला लागतं, वर एक व्हाइटबोर्ड, आणि दुपारी चार ते रात्री आठ बॅचेस. सुरुवातीला एसएससीची मुलं. मग सोसायटीतलं एखादं मूल आयजीसीएसईला जातं, त्याची आई गळ घालते, आणि ही तो अभ्यासक्रम मुळातून वाचून काढते. मागचे पेपर, मार्क स्कीम, परीक्षकांचे अहवाल, सगळं. तेही स्वयंपाक आटोपल्यावर. दहाबारा वर्षांनी स्वतःची मुलं हाताशी येतात तेव्हा ती शाळेत अर्ज करते. एचआरमधली मुलगी सीव्हीवर पेन ठेवून गोड आवाजात विचारते, ‘मॅम, हा बारा वर्षांचा गॅप कशामुळे?’

गॅप! त्या बारा वर्षांत गणपतीतसुद्धा दीड दिवसापलीकडे तिची बॅच बंद नसते. मघाशी जो आक्षेप मान्य केला, की क्लासवाल्याला सगळ्या प्रकारच्या मुलांना सांभाळायची सवय नसते, तो मोठ्या क्लासांबद्दल खरा आहे. हिच्याबद्दल साफ खोटा. हिच्या टेबलावर एकाच वेळी एक एसएससीचा, एक सीबीएसईचा आणि एक केंब्रिजचा मुलगा बसलेला असतो, तिघांची पुस्तकं वेगळी, तिघांची कुवत वेगळी. ‘डिफरन्सिएशन’ या नावाने शाळा कार्यशाळेचे पैसे भरून शिक्षकांना जे शिकवतात, ते ही रोज करत असते. मागे पडलेल्या मुलाला वाऱ्यावर सोडणं हिला परवडतच नाही, कारण त्याची आई लिफ्टमध्ये भेटते. मुलं हिला काकू म्हणतात. घरात जे बोलता येत नाही ते हिच्यापाशी बोलतात. हिला शाळेत घेतलं तर कुठल्या पायरीवर घेतात? फ्रेशर. बरेचदा असिस्टंट टीचर, म्हणजे तिच्या निम्म्या वयाच्या आणि निम्म्या अनुभवाच्या मुख्य शिक्षिकेच्या हाताखाली चार्ट लावायला. हे कुठल्या शैक्षणिक तत्त्वात बसतं ते मला कुणी समजावून सांगावं.

कागद नाही, हा आक्षेप उरतो. तो खरा आहे आणि सोडवायला सोपाही आहे. जुन्या विद्यार्थ्यांच्या पालकांना फोन लावता येतो. फीच्या पावत्या, हल्ली तर यूपीआयचे व्यवहार दाखवता येतात. आणि सगळ्यात चांगला पुरावा वर्गात मिळतो. सध्याचा डेमो म्हणजे बहुतेक ठिकाणी पॅनेलसमोर वीस मिनिटांचं भाषण. त्यात क्लासवाला हमखास चमकतो, कारण त्याचं पोटच बोलण्यावर असतं. म्हणूनच तो बंद करून खऱ्या वर्गात सलग तीन तास द्यावेत, मधला एक प्रयोगशाळेतला. उमेदवाराला सांगावं, मुलांची पाच चुकीची उत्तरं घेऊन या आणि मूल असं का म्हणालं असेल ते सांगा. ‘लक्ष नसतं हो हल्लीच्या मुलांचं’ असं ज्याचं उत्तर आलं त्याला चहा देऊन निरोप द्यावा, मग तो क्लासमधून आलेला असो की मोठ्या नावाच्या शाळेतून. पोलीस पडताळणी आणि बालसुरक्षेचे नियम सगळ्यांना सारखेच. पहिलं वर्षभर आयएची जबाबदारी नव्या माणसाकडे न देता जुन्या शिक्षकाबरोबर बसवावं. सीबीएसईतून आलेल्याला आयबीच्या प्रशिक्षणाला पाठवताच ना? त्यालाही आदल्या दिवसापर्यंत एक्स्टेंडेड एसे म्हणजे काय ते माहीत नसतं. मग क्लासमधून आलेल्यासाठीच ते अवघड का वाटावं?

दुसऱ्या तटाबद्दल थोडक्यात. रिझल्ट बघून नेमा म्हणणाऱ्यांनी तो रिझल्ट कुणाचा हे आधी विचारावं. मोठे क्लास प्रवेशालाच परीक्षा घेतात, हुशार मुलांची बॅच वेगळी काढतात, त्यांना फी माफ करतात आणि फ्लेक्सवर त्याच मुलांचे फोटो लागतात. बाकीच्या बॅचेसचं काय झालं ते कुठल्याच चौकात लागत नाही. शाळेला टॉपरची बॅच मिळणार नाही, अख्खा वर्ग मिळणार आहे.

आता पैशांचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. म्हणजे क्लासमधून शाळेत आलेल्या माणसाने बॅच बंद करायला हवी. व्हायला हवं ते हे. होतं ते वेगळं. त्याची क्लासची वर्षं शून्य धरून शाळा त्याला खालच्या पायरीवर बसवते, तेवढ्यात घराचा हप्ता निघत नाही म्हणून तो संध्याकाळची बॅच चालू ठेवतो, आणि शाळा तिकडे काणाडोळा करते. काही ठिकाणी तर त्या बॅचमध्ये त्याच शाळेची मुलं असतात: सकाळी ज्या वर्गाला शिकवायचं, संध्याकाळी त्याच वर्गाकडून फी घ्यायची. सकाळी हातचं राखून शिकवण्याचा मोह होणार नाही असा माणूस विरळा. तत्त्व म्हणून सांगितलं जातं की क्लासचा अनुभव हा अनुभवच नव्हे, पण त्या तत्त्वाने दर महिन्याला पगाराच्या पत्रकात शाळेचे पैसे वाचतात, आणि पालकांना विकायला क्लासच्या सरांचं नावही हाताशी राहतं. ज्या शाळेला कलम २८ खरोखर पाळायचं आहे तिने बॅच बंद करून जगता येईल एवढा पगार दिला पाहिजे, आणि तेवढा द्यायचा तर त्या माणसाची वर्षं अनुभवाच्या रकान्यात लिहावीच लागतील.